खजिना शोधा, पण कुदळ नको!

जिओकॅशिंग म्हणजे मोठ्यांची लपाछपी. फक्त इथे लपतो तो डबा! कुणीतरी तो लपवून त्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं, आपण मोबाइलच्या जीपीएसवर तो शोधायचा. आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तस्साच ठेवायचा. बस्स!

हा खेळ मूळचा अमेरिकेतल्या ओरेगनचा. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकन सरकारनं २ मे २००० रोजी काढली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी पोर्टलंडच्या परिसरात पहिली बादली लपवली. माझाही श्रीगणेशा तिथलाच! ताईकडे गेले होते. (चिप कंपन्यांमुळे पोर्टलंडला आपली मंडळी बरीच.) तिथून दोनेक तासांच्या ड्राइव्हवर, कोलंबिया नदीच्या मुखाशी फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्क आहे. यादवी युद्धाच्या काळातला किल्ला, समोर पॅसिफिक आणि वाळूत १९०६ पासून रुतलेला 'पीटर आयरडेल' जहाजाचा गंजका सांगाडा.

जीपीएस शेवटच्या काही मीटरपर्यंतच नेतं. झाडीत तर बाण वेड्यासारखा गरगरतो. मग मोबाइल खिशात आणि डोळे उघडे! 'लपवणारी मीच असते तर?' हा प्रश्न कामी आला. एका आडव्या खोडापाशी सालीचे तुकडे जरा जास्तच नीट रचलेले होते. खाली आमचा डबा!

एकदा नजर बसली की किल्लाही वेगळा दिसतो. बॅटरी रसेलच्या तोफा भिंतीआडून वर यायच्या, गोळा डागून परत दडायच्या. २१ जून १९४२ च्या रात्री जपानी पाणबुडी आय-२५ नं इथे १७ गोळे डागले. किल्ल्यानं दिवे विझवले आणि एकही गोळा उलट डागला नाही. का? तोफ धडाडली की जागा कळते! जपानी गोळे बेसबॉलच्या मैदानाच्या आसपास पडून वाया गेले. त्या काळोखात हात आवरून बसलेले सैनिक डोळ्यांसमोर आले आणि आमची लपाछपी एकदम पोरखेळ वाटली.

ऑनसाइटला गेलात तर नक्की जा. पहिल्यांदा सोपा, मोठा आणि नुकताच कुणाला तरी सापडलेला डबा निवडा. पेन स्वतःचं न्या. आतली वस्तू घेतलीत तर तोलामोलाची ठेवा, खाऊ मात्र नको. खणायचं तर अजिबात नाही!

आमचा डबा नेमका कुठे? किल्ल्यानं तोंड उघडलं नाही, मी का उघडू?