जुलाब थांबले का?

बाळाला जुलाब लागले की आमच्या मोहल्ल्यात पहिला हुकूम सुटतो तो दूध बंद करण्याचा. "पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार?" असा त्यामागचा हिशेब. मग कुणी म्हणतं दात येताहेत, कुणी म्हणतं नजर लागली. दोन-तीन दिवसांनी बाळ मान टाकायला लागलं की रिक्षा शोधायची धावपळ सुरू होते.

हा हिशेब चुकतो तो एका जागी. जुलाबातून बाहेर पडणारं पाणी हे बाळाच्या शरीरातलंच पाणी असतं. आपण तोंडानं काही दिलं नाही तरी ते जातच राहतं आणि त्याबरोबर मीठही जातं. म्हणजे टाकी खालून गळते आहे आणि आपण वरून भरणं बंद केलं. लहान बाळाची टाकी मुळातच लहान, ती रिकामी व्हायला एक दिवसही पुरतो.

माझा सर्वांत मोठा भाऊ मी पाहिलेला नाही. १९७६ च्या उन्हाळ्यात, अकरा महिन्यांचा असताना तो हगवणीनं गेला. अम्मी तेव्हा वीस वर्षांची होती. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं म्हणून तिनं दूध तोडलं होतं. तिनं ही गोष्ट आम्हाला फार उशिरा सांगितली, तीही दोन वाक्यांत.

मला पुढे जे कळलं ते जास्त बोचलं. उपाय तेव्हा सापडलेला होता. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन, रिचर्ड कॅश आणि रफिकुल इस्लाम यांनी दाखवून दिलं होतं, की मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण सावरता येतात. आतडं कितीही बिघडलं तरी मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र आली की ती आत ओढून घेतो, आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जातं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. जिथे शंभरातले तीसेक दगावत होते, तिथे प्रमाण चारच्याही खाली आलं. पाजणारे हात आया-बापांचेच होते. पुढे १९८० पासून 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका बांगलादेशात घरोघर फिरल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी हे माप त्यांनी लाखो आयांना शिकवलं.

आमच्या घरापर्यंत ते माप वेळेत पोहोचलं नाही, एवढंच.

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या आठ महिन्यांच्या मुलीला पाण्यासारखे जुलाब लागले. शेजारच्या चाचींनी नेहमीचा हुकूम दिला. खाटेवर तसबीह घेऊन बसलेली अम्मी एकदम म्हणाली, "दूध बंद करायचं नाही. माझ्या वेळी केलं होतं." खोली गप्प झाली. मग मी पाणी उकळून गार केलं, त्यात ओआरएस कालवलं, अम्मीनं त्यावर दुआ पढून दम केला आणि स्वतः चमचा हातात घेतला. रात्रभर, एकेक चमचा. चाचीसुद्धा थांबल्या.

आता कामाचं. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला दिवसातून सहा-सात वेळा मऊ शी होणं हा आजार नव्हे. नेहमीपेक्षा पातळ, पाण्यासारखी आणि जास्त वेळा होऊ लागली तर जुलाब. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, उलट जास्त वेळा पाजायचं. सहा महिन्यांपुढच्या बाळाला पेज, मऊ खिचडी, केळंही द्यायचं. ओआरएसची पुडी एका लिटरची असेल तर पूर्ण पुडी पूर्ण लिटरमध्येच घालायची. अर्धी-अर्धी करायची नाही, वरून साखर घालायची नाही, आणि उरलेलं २४ तासांनी ओतून टाकायचं. दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. डॉक्टरांना विचारून झिंक १४ दिवस द्यायचं, जुलाब आधी थांबले तरी. खोक्यातली गोड पेयं ओआरएस समजून पाजू नयेत. जास्त साखर आतड्यात आणखी पाणी ओढते. जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी तर बाळाला अजिबात नाही.

डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सावकाश खाली बसते आहे, बाळ सुस्त पडलं आहे, पीतच नाही, सहा तासांत लघवी नाही किंवा शीमध्ये रक्त आहे, तर घरी थांबायचं नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पहिल्याच दिवशी दवाखाना.

आमच्या गल्लीत चार दिवसांआड पाणी येतं. ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यात कुणाचाही हात, कुणाचाही पेला जातो. झाकण, लांब दांड्याचं ओगराळं, साबणानं धुतलेले हात आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना मिळणारी रोटाव्हायरसची मोफत लस, यांनी निम्मी लढाई आधीच जिंकता येते.

तरीही ओआरएसला आपल्याकडे इज्जत नाही. ते आशाताईंकडे फुकट मिळतं आणि त्यानं जुलाब लगेच थांबत नाहीत. सुई टोचली की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण बहुतेक जुलाब चार-सहा दिवसांत आपोआप जातात. तोवर बाळाला सुकू न देणं, एवढंच आपलं काम. म्हणून पुढच्या वेळी कुणाच्या घरी बाळाला बघायला गेलात, तर "जुलाब थांबले का?" असं विचारू नका. "काय पाजलं? लघवी झाली का?" असं विचारा. आणि जाताना मोसंबीऐवजी दोन पुड्या न्या.