लय आणि वेग

मराठी कादंबरीत काळजाचा ठोका चुकतो तो बहुधा प्रेमाने किंवा भयाने, आणि पुढच्या परिच्छेदात तो पूर्ववत होतो. मुळात ‘काळीज’ हा शब्दच यकृताकडून हृदयाकडे सरकलेला (मटणाच्या दुकानात ‘कलेजी’ मागितल्यावर काय मिळते ते आठवावे), तेव्हा आपल्या वाङ्मयाकडून हृदयक्रियेच्या अचूक वर्णनाची अपेक्षा न केलेली बरी. असो. मेहकरला माझ्या आईचा ठोका चुकला तो मात्र चुकतच राहिला.

वैद्यकात याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे एकसंध आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला ३०० हून अधिक वेळा नुसते थरथरतात. त्यातले थोडे संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतात, तेही कोणत्याच नियमाविना. आईच्या बाबतीत कारण जुने होते : लहानपणच्या सांधेतापाने अरुंद झालेली मायट्रल झडप.

ज्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींच्या ध्वनिमुद्रिकेने घरोघर पोहोचवली, त्यांच्या या गावात, आयुष्यभर छंदःशास्त्र शिकवलेला मी आईच्या मनगटावर बोट ठेवून मात्रा मोजू पाहत असे. वृत्त नाही, जाती नाही. मग मुक्तछंद म्हणावा? पण अनिलांच्या मुक्तछंदालाही अंतर्लय आहे. तिथे पुढच्या ओळीची वाट पाहता येते. इथे दोन ठोक्यांतले अंतर मागच्या अंतरावरून कधीच ताडता येत नाही. जुन्या डॉक्टरांनी या नाडीला ‘अनियमितपणेही अनियमित’ म्हटले आहे. इतकी नेमकी संज्ञा आपल्या समीक्षेत क्वचितच सापडते.

माझा पहिला प्रश्न अर्थातच लय परत आणण्याचा होता. अमिओडॅरोनसारखी औषधे तसा प्रयत्न करतात. पण त्या गोळीत आयोडीन भरपूर, थायरॉइडला व फुप्फुसांना तिचा उपद्रव होऊ शकतो, आणि ताणल्या गेलेल्या कप्प्यात परतलेली लय टिकेलच असे नाही. डॉक्टर म्हणाले, लय राहू द्या, वेग आवरू. कवितेच्या माणसाला हे पराभवासारखे ऐकू येते. परंतु २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४,०६० रुग्णांच्या ‘अफर्म’ चाचणीत लयीचा आग्रह धरलेले रुग्ण वेगावर समाधान मानलेल्यांहून अधिक जगले नव्हते. (२०२० च्या एका युरोपीय चाचणीने, आजार नवा असताना, लयीची बाजू पुन्हा उचलून धरली, आईचे दुखणे त्या टप्प्याच्या फार पुढे गेलेले.)

मग मेटोप्रोलॉल आले, आणि डिगॉक्सिन. हे दुसरे औषध डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडाच्या कुळातले. विल्यम विदरिंगने त्या झाडाच्या औषधी उपयोगावर १७८५ साली पुस्तकच लिहिले. औषध आणि विष यांतले अंतर इथे फार थोडे. म्हणून आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर ही गोळी पाच दिवस देऊन दोन दिवस थांबवतात. आई शनिवार-रविवारला ‘गोळीचा खाडा’ म्हणू लागली. पाच आणि दोन : घरात नियमित म्हणावे असे एवढेच आवर्तन.

खरे भय मात्र वेगाचेही नव्हते. थरथरत्या कप्प्यात रक्त साचते, गुठळी होते, आणि ती मेंदूकडे निघाली की अर्धांगवायू. तिची चाहूल मनगटाला लागत नाही. त्यासाठी वॉरफरिन. सांधेतापाने बिघडलेल्या झडपेच्या रुग्णांत रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा हे जुन्या घराण्यातले औषधच सरस, असे २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिसले. त्याची मात्रा ठरते ती रक्ततपासणीतल्या आयएनआर या आकड्यावरून. तो २ ते ३ च्या दरम्यान राहावा लागतो, आणि मेथी-पालकातले ‘के’ जीवनसत्त्व त्याला खाली ओढते. डॉक्टरांनी भाजी बंद केली नाही. रोज साधारण सारखीच खा, म्हणाले. आठवडी बाजारात काय स्वस्त मिळाले यावर जिचा स्वयंपाक आयुष्यभर चालला, तिला सगळ्या पथ्यांत हेच अवघड गेले.

मागच्या हिवाळ्यात मेथी मातीमोल झाली आणि आईचा आयएनआर १.४ वर उतरला. डॉक्टर गोळी वाढवायला निघाले, तेव्हा तिने विचारले, “मेथी सरेपर्यंत थांबता का, डॉक्टरसाहेब?”

ते हसले. गोळी वाढवलीच, आणि दहा दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले.