कुंपणापलीकडचं

बपेरा,
ता. तुमसर, जि. भंडारा

चि. भाऊस,


परवा आसामातून फोन केलास तेव्हा तू एक वाक्य सहज बोलून गेलास आणि ते काही माझ्या मनातून जाईना. मी विचारलं होतं, "डिगबोईला तुमच्या कॉलनीच्या बाहेर काय आहे रे?" तू म्हणालास, "काही नाही ताई, नुसतं जंगल." तेवढ्यात तुझी रिफायनरीतल्या ड्यूटीची वेळ झाली, फोन ठेवलास. आज शाळेला सुटी आहे. पाऊस सकाळपासून थांबलेला नाही, समोरच्या बांध्यांत धानाची रोवणी चालू आहे, बाया कमरेत वाकून ओळीनं मागं सरकताहेत. मी ओसरीवर पाटी मांडीवर घेऊन बसले आहे. फोनवर असलं बोलणं नीट होत नाही.

हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकलेलं आहे. आपण डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीच्या क्वार्टरात वाढलो. तू फार लहान होतास, तुला पुसटच आठवत असेल. आत दवाखाना, शाळा, नळाचं पाणी, रस्त्यावरचे दिवे. बाहेर काय, तर काही नाही. दुपारी भोंगा व्हायचा, मग सुरुंग. आई भात उतरवता उतरवता थांबायची. एक हादरा यायचा, फळीवरची पितळेची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची, आणि ती शांत झाली की आई पुन्हा कामाला लागायची. मी भांड्यांकडे बघून सांगायचे, आज सुरुंग मोठा होता की लहान. सारं घर त्या वेळेवर चालायचं. आणि ज्याला 'बाहेर काही नाही' म्हणायचे, त्यातच आपलं बपेरा होतं, आजोबांचं हे घर होतं, बावनथडी नदी होती.

बाबा निवृत्त झाले तेव्हा तू हॉस्टेलला होतास, म्हणून हे तू पाहिलेलं नाही. क्वार्टर रिकामं केलं, सामान ट्रॅक्टरवर चढवलं आणि आम्ही इथं आलो. पहिले कितीतरी महिने बाबा दुपारी घड्याळाकडे बघायचे आणि भिंतीला पाठ लावून गप्प बसायचे. सुरुंगाची वाट बघत, मला वाटतं. इथं कसला सुरुंग? त्यांना धानाच्या पऱ्ह्यांची जुडी किती मोठी बांधायची ते ठाऊक नव्हतं. कोणत्या बांधीचं पाणी कुणाच्या बांधीत सोडायचं, यावरून गावात भांडणं का होतात तेही कळायचं नाही. साठीचा माणूस शेजारच्या पोरांना विचारून विचारून शिकला. मोहफूल पहाटे का वेचायचं, तेंदूची पानं कुठल्या दिवसांत तोडायची, नदीच्या रेतीत डांगरवाडी कशी लावतात. एकदा मला म्हणाले, "चाळीस वर्षं मी याच तालुक्यात होतो ना गं?" मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

आता तू म्हणशील, ताई, कंपनीनं आपल्याला वाढवलं. वाढवलंच. तुझं इंजिनिअरिंग त्याच पगारावर झालं, ते मी कधी विसरणार नाही. पण कंपनी इथं कशासाठी आली ते बघ. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघाली, तीच पुढं इंग्रजांची सीपीएमओ कंपनी झाली. १९६२ मध्ये तिच्यातून बाबांची मॉयल कंपनी उभी राहिली आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. या सगळ्यांना खेचून आणलं ते आपल्या डोंगरांतल्या काळ्या दगडानं. तुमसर रोडहून तिरोडीला जाणारा रेल्वेचा फाटा त्या दगडाच्याच वाटेवर आहे. फर्मोर नावाच्या भूवैज्ञानिकानं मँगनीजच्या साठ्यांवर १९०९ साली मोठा ग्रंथ लिहिला. या भागातल्या एका खडकाला त्यानं नाव दिलं गोंडाइट, इथल्या गोंडांवरून. जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत ते नाव आहे. मी सातवीच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक गोंडाचा मुलगा ताडकन सरळ बसला. त्यानं वहीत तो शब्द लिहून घेतला आणि दोनदा गिरवला. ज्यांच्या नावानं दगड ओळखला जातो त्यांनाही आपल्या क्वार्टरातले लोक 'बाहेरचे' म्हणायचे, भाऊ. मीही म्हणत असे.

एक गोष्ट मात्र तुला आठवत असेल. टॉर्चचा सेल संपला की बाबा तो दगडानं फोडायचे. आतली कोळशाची कांडी आपल्याला मिळायची, तिनं आपण भिंतीवर चित्रं काढायचो आणि मार खायचो. कांडीभोवतीची काळी भुकटी ते बोटावर घेऊन दाखवायचे आणि म्हणायचे, "हे आपल्या डोंगरीचं." ते खरंच होतं. डोंगरीच्या उघड्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचं खनिज निघतं आणि ते सेलच्या कारखान्यांना जातं. बाकीच्या खाणींचं मँगनीज पोलाद कडक करायला जातं. तुझ्या रिफायनरीच्या पाइपांतही ते थोडंफार असणार. आपल्या तालुक्यातली माती तुझ्याआधी आसामात पोचली असेल, असं मला कधी कधी वाटतं.

पण खनिज गेलं की मागं काय उरतं, ते आपण पाहिलं आहे. डंप. खनिजाच्या वरची माती आणि दगड उपसून रचलेल्या त्या टेकड्या. आपण त्यांच्यावरून घसरत खाली यायचो. पावसाळ्यात त्यांना चिरा पडायच्या आणि लालकाळं पाणी वाहत यायचं. त्यांच्यावर गवताची काडी धरत नव्हती. याचं कारण मला खूप उशिरा कळलं. त्या दगडांत कुजलेला पालापाचोळा नसतो, नत्र नसतं, पाणी धरून ठेवायला काही नसतं. बी पडलं तरी उपाशी मरतं. नागपूरच्या नीरी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यावर काम केलं. सावनेर तालुक्यातल्या गुमगाव खाणीच्या डंपवर खड्डे खणून त्यात साखर कारखान्यातला गाळ, प्रेसमड, घातला. रोपांच्या मुळांना नत्र धरणारे जिवाणू आणि मायकोरायझाची बुरशी दिली, आणि साग, शिसम, कडुनिंब लावले. ती बुरशी मुळाला धाग्यांनी चिकटून लांबून पाणी आणि स्फुरद आणून देते. झाडं धरली. मला या कामाचं फार मोल वाटतं. उपसलेल्या दगडाचं जंगल होऊ शकतं, फक्त त्या दगडाला काय हवं ते कुणीतरी नीट विचारायला हवं.

आता तुझं 'नुसतं जंगल'. तू गेल्यापासून मी मिळेल ते वाचते आहे. तुझ्या गावात १८८९ साली तेल लागलं आणि १९०१ मध्ये रिफायनरी सुरू झाली. आपल्याकडे डोंगरात काळा दगड हुडकणं चाललं होतं, तेव्हा तुमच्याकडे जंगल तोडून विहिरी खणून झाल्या होत्या. गावाभोवतीच्या ज्या रानाला तू 'नुसतं' म्हणतोस, त्याच पट्ट्यातल्या दिहिंग पाटकाईला २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथं होलोंगची झाडं आहेत, आपल्या सागाहून कितीतरी उंच. त्यांच्या शेंड्यांवरून हुलॉक गिबन झोके घेत जातात. आपल्या देशातला बिनशेपटीचा वानर तेवढाच. त्यांची जोडपी सकाळी एकत्र गातात म्हणे, आवाज फार लांबवर जातो. ते जमिनीवर जवळजवळ उतरतच नाहीत. जोरहाटजवळच्या होलोंगापारच्या जंगलातून रेल्वेचा रूळ गेला, तर एका बाजूचे गिबन दुसऱ्या बाजूला जाईनासे झाले. दोन झाडांमध्ये एवढीशी फट पडली की त्यांचं जगच तुटतं. कंपनीचा प्रत्येक नवा रस्ता, प्रत्येक पाइपलाइन ही तशीच फट आहे. तू त्यातल्या एखाद्या कागदावर सही करशील तेव्हा हे तुला ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

पांढऱ्या पंखांचं एक बदकही आहे तिकडं, आसामचा राज्यपक्षी. तिथले लोक त्याला देव हाँह म्हणतात, त्याची हाक भुतासारखी वाटते म्हणून. दाट रानातल्या सावलीच्या डबक्यांत राहतं आणि फार थोडं उरलं आहे. ते वाचलं आणि मला आपला सारस आठवला. गोंदिया-बालाघाटच्या पट्ट्यात, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या काठच्या धानात, मोजके उरले आहेत. आपल्या बावनथडीच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीत, एकदा मला जोडी दिसली होती. सायकल आडवी टाकून मी बांधावर बसून राहिले. दोघं एकमेकांसमोर उभे राहून माना आभाळाकडे करून ओरडले. शेतकरी बाजूला निंदण करत होता, त्यानं मानही वर केली नाही. त्याच्या शेतात ते रोजचेच होते.

२०२० च्या मे महिन्यात तिकडं आसामात बागजानची तेलविहीर फुटली, जूनमध्ये पेटली आणि नोव्हेंबरपर्यंत विझेना, तेव्हा तू अजून तिकडं गेला नव्हतास. मागुरी-मोटापुंग बील या पाणथळीच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, लोकांची घरं जळाली, आग विझवायला गेलेली दोन माणसं गेली. आम्ही टीव्हीवर बघत होतो. बाबा अंथरुणावर होते. ते म्हणाले, "त्या गावातल्या लोकांना आधी विचारलं असेल का कुणी?" मग बराच वेळ डोळे मिटून पडून राहिले. गेल्या वर्षी तुझी नेमणूक डिगबोईला झाली तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं होतं. तुला सांगितलं नाही, सौ. घाबरेल म्हणून.

सौ.ला तिथं एकटं वाटतं, असं तू म्हणालास. आईलाही क्वार्टरात वाटायचं. मग तिनं डोंगरीच्या बाजारात येणाऱ्या एका गोंड म्हातारीशी मैत्री केली. ती चार, टेंभरं ही फळं आणि रानातल्या भाज्या आणायची. आई तिला 'माय' म्हणायची. कुठली भाजी कडू, कुठली पहिल्या पावसानंतरच खायची, ते आईला तिनंच शिकवलं आणि आईनं मला. सौ.ला सांग, बाजारात जाऊन बसायला. भाषा येत नसली तरी भाजीचं नाव विचारता येतं.

आणि छोटीला घेऊन एकदा पहाटे कॉलनीच्या बाहेर जा. गिबन ऐकू आले तर मला फोन लाव आणि तसाच हातात धर, मी इकडून ऐकेन. बोलू नकोस.

बाबांची पेटी आवरताना जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक खनिजाचा तुकडा सापडला. मुठीएवढा आहे, पण उचलायला गेलं की हात खाली जातो. तो छोटीसाठी पार्सलनं पाठवते आहे, टपालवाल्यानं दोनदा वजन करून बघितलं. तिला सांग, हे आजोबांचं. होलोंगचं बी मिळालं तर मला एक पाठव. इथं रुजणार नाही हे मला माहीत आहे, शाळेत मुलांना दाखवायला हवं आहे.

पाऊस थोडा उघडला आहे. बाया जेवायला बांधावर बसल्यात, मला हाक मारताहेत.

तुझी,
ताई