पान्याचं तोंड

जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर आपल्याकडे दोन जाणती माणसं सोबत नेतात. इंजिन थंड असताना सुरू करायला लावतात, धूर बघतात, लिफ्ट उचलून बघतात. जुना पाना मात्र हातात घेतला, आकडा वाचला आणि पिशवीत टाकला. मी अवजारं दुरुस्त करतो, आणि इतक्या वर्षांच्या कामातून एक गोष्ट पक्की सांगू शकतो: शेतातल्या दुरुस्तीत पाना ही सर्वांत स्वस्त वस्तू आणि गोल झालेला बोल्ट ही सर्वांत महाग. पहिली नीट पारखली तर दुसरीचा खर्च टळतो.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. गोडी छाटणीनंतर घड बाहेर पडलेत, आभाळ भरून आलंय, डावणीची भीती आहे आणि नेमका त्या संध्याकाळी ब्लोअरचा पंप गळायला लागतो. खोलायला चार नट असतात. तोंड फाकलेला पाना त्यातल्या एकावरून सटकला की नटाचे कोपरे जातात. मग छिन्नी, मग गॅस कटर, आणि तोवर फवारणीची वेळ निघून गेलेली.

तरीही मी जुनेच पाने घ्या म्हणतो, आणि तेही साध्या, स्वस्त मालातले. एका पेटीत भारी सेट ठेवून शेताचं काम भागत नाही. एक जोड ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये लागते, एक ब्लोअरपाशी, एक विहिरीवरच्या मोटारीपाशी. पाने चिखलात पडतात, उसने जातात, सरीत हरवतात. एवढे सगळे नवे आणि उंची घेणं लहान शेतकऱ्याला परवडत नाही. बिननावाचा नवा चकचकीत सेट परवडतो, पण त्याचं पोलाद मऊ निघालं तर तो पहिल्याच हंगामात उघडा पडतो. जुन्या पान्याची परीक्षा आधीच झालेली असते. वीस वर्षं वापरूनही ज्याचं तोंड सरळ आहे, त्याचं पोलाद चांगलं होतं.

नाशिकला या बाबतीत नशीबवान म्हणायला हवं. तापारियाचे पाने-पक्कड देशभर जातात आणि तो कारखाना आपल्या सातपूरला आहे. 1969 पासून, स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने, त्यांनी हत्यारं बनवायला सुरुवात केली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आणि बंद पडलेल्या गॅरेजांतून जुनी हत्यारं भंगारात येत राहतात. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने 2017 मध्ये हटवला, पण जुना माल कुठे ना कुठे विकायला येतोच. तिथे पहिला प्रश्न विचारायचा, “मामा, किलोवर की नगावर?” किलोवर असेल तर ढीग स्वतः उपसायचा. नगावर असेल तर निवड त्याने आधीच केलेली असते आणि भावही तसाच असतो.

मी खिशात चार कोरे बोल्ट घेऊन जातो: 8, 10, 12 आणि 16 मिलीमीटरचे. त्यांच्या डोक्यांना अनुक्रमे 13, 17, 19 आणि 24 चा पाना लागतो. पान्याचं तोंड बोल्टवर बसवून दोन्ही बाजूंना हलवायचं. किंचित खेळ असतोच, पण कोपरा उचलून निसटतो असं वाटलं तर तो पाना परत ढिगात. मग तोंडाच्या दोन्ही कडा उजेडात धरायच्या. त्या समांतर हव्यात. टोकाकडे अंतर वाढलेलं दिसलं तर समजावं, कुणीतरी पाइप घालून जोर केलेला आहे. रिंग पान्यात बारा कोन असतात. बोट आत फिरवलं की प्रत्येक कोन टोचला पाहिजे. गुळगुळीत लागला तर ती रिंग रोटाव्हेटरच्या कामाची नाही. सहा फुटी रोटाव्हेटरला साधारण 42 पाती, प्रत्येक पात्याला दोन बोल्ट, म्हणजे मातीने झिजलेले आणि गंजलेले 84 नट. तिथे रिंगच लागते, आणि तीही धारदार कोनांची.

चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शंका आली तर घरी आणून पाना डिझेलमध्ये बुडवावा, कोरडा पुसावा आणि तोंडाच्या बेचक्यात खडू फासावा. चीर असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. असा पाना पुन्हा वापरू नये, कारण तो तुटतो तेव्हा हाताचा सगळा जोर लोखंडावर आदळतो.

मापाचा घोळ वेगळा. महिंद्राचा बी-275 हा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या नमुन्यावरचा ट्रॅक्टर. तो किंवा जुना मॅसी खोलताना इंची बोल्ट भेटतात. सहा सूत म्हणजे 19.05 मिलीमीटर, तिथे 19 चा पाना चालून जातो. चार सूत म्हणजे 12.7. त्यावर 13 चा बसतो, पण सैल, आणि जोर लावला की कोपरे खातो. साडेचार सूत म्हणजे 14.29. तिथे 14 चा जात नाही आणि 15 चा फिरतो. भंगारात इंची पाने कुणी बघत नाही, म्हणून स्वस्त मिळतात. जुना ट्रॅक्टर असणाऱ्याने ते आधी उचलावेत.

स्वस्त पान्याचा आणखी एक उपयोग मला मोलाचा वाटतो: तो निर्धास्तपणे कापता येतो. पंपाच्या अडचणीतल्या नटासाठी पातळ तोंडाचा पाना बाजारात शोधत बसण्यापेक्षा जुना घासून करावा. घासताना सारखा पाण्यात बुडवावा. पोलाद निळं पडलं की पाणी उतरलं आणि तोंड मऊ झालं. दांडा वाकवायचा तर मधोमध तापवावा आणि दोन्ही तोंडांना ओलं फडकं गुंडाळावं.

काही वस्तू मात्र जुन्या घेऊ नयेत. स्क्रू पान्याचा जबडा डुगडुगत असेल तर तो फक्त नट खराब करायच्या कामाचा. रॅचेटचे आतले दात दिसत नाहीत. टॉर्क पाना तपासून घेतल्याशिवाय त्याच्या आकड्यावर हेड कसणं धोक्याचं. आणि ज्या पान्यावरची खूण ताजी घासलेली दिसते, तो कितीही चांगला असला तरी खाली ठेवावा. कुणा फिटरच्या पेटीतून तो गेला असेल, तर त्याची रोजी आपण विकत घेतो आहोत.

हंगाम सुरू झाल्यावर कुणाला बाजारात जायला सवड नसते. म्हणून खरड छाटणीनंतरच्या दिवसांत एकदा आपली पेटी उलटी करा. प्रत्येक पाना कोऱ्या बोल्टवर बसवून बघा, फाकलेले बाजूला काढा आणि त्यांच्या जागी पारखून जुने आणा. फाकलेले मात्र भंगारात तसेच टाकू नका. तोंड कापून टाका, म्हणजे ते दुसऱ्या शेतकऱ्याच्या पेटीत जाणार नाहीत.