निम्म्या पगाराची रिहर्सल



येत्या फेब्रुवारीत माझी २४ वर्षं पूर्ण होतील. २००२ साली बेळगावच्या सेंटरमध्ये काळी पेटी घेऊन दाखल झालो तेव्हा १९ वर्षांचा होतो. घरी जाताना ४३ चा असेन. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, डोक्यावरचे केस अजून काळे, आणि पगार बंद. हवालदाराचं असंच असतं. शिपाई तर १७ वर्षांवरच घरी जातो.

सध्या उत्तर सिक्कीममध्ये आहे. इथं संध्याकाळी पाचला अंधार पडतो. बुखारीभोवती बसलं की एकच विषय निघतो, सिव्हिलमध्ये गेल्यावर काय करणार? कुणी पेट्रोल पंपाचं बोलतो, कुणी बँकेच्या सिक्युरिटीचं, कुणी म्हशींचं. माझी पाळी आली की मी सांगतो, पहिलं वर्ष काहीच नाही. पोरं हसतात. त्यांना वाटतं, हवालदार साहेबांच्या घरी बागायत असणार. आमच्या माण तालुक्यात पाऊस रुसलेला असतो. चार एकर आहे, त्यात बाजरी झाली तर झाली.

पण मी हे उत्तर खरंच देऊ शकतो. आणि ते द्यायला मला दहा वर्षं लागली, म्हणून लिहायला बसलोय.

आधी कसा होतो ते सांगतो. सहावा वेतन आयोग लागला तेव्हाची थकबाकी जुन्या मंडळींना आठवत असेल. दोन हप्त्यांत आली होती, पहिल्या वर्षी ४० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ६० टक्के. पहिल्या हप्त्यात मी मोबाइल घेतला आणि अंगठी केली. दुसऱ्या हप्त्यात मोटरसायकल. ती गाडी वर्षातले ६० दिवस चालायची आणि उरलेले दिवस गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असायची. तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

मग युनिट अरुणाचलला गेलं, तवांगच्या बाजूला. तिथं खर्च करायला दुकानच नव्हतं. राशन सरकारचं, कपडे सरकारचे, राहणं सरकारचं. महिने गेले आणि खात्यात पैसे साठले. मला वाटलं, आपण बचत करायला शिकलो. कसलं काय! सुट्टीवर घरी आलो आणि साठलेलं सगळं दोन महिन्यांत उडवलं. जत्रा, पाहुणे, मित्रांच्या पार्ट्या. परत जाताना बायकोकडून गाडीखर्चाला पाचशे रुपये घेतले. तिनं डब्यातून काढून दिले आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर सिकंदराबादला फॅमिली क्वार्टर मिळालं. तिथं तर हात अजूनच सैल सुटला. कॅन्टीनमध्ये स्वस्त मिळतं म्हणून मिक्सर असताना दुसरा मिक्सर घेतला. मोठी ट्रॉली बॅग घेतली, जी पोस्टिंगला कधी नेलीच नाही, कारण पोस्टिंगला पेटीच जाते. २०१४ ला कर्ज काढून मारुती घेतली. क्वार्टरसमोर सगळ्यांच्या होत्या, मग माझी का नको? हप्ता जड झाला की फंडातून पैसे काढायचो. फंड म्हणजे आमचा प्रॉव्हिडंट फंड. आम्ही त्याला घरातल्या रांजणासारखं वापरायचो, तहान लागली की तांब्या बुडवायचा.

२०१५ च्या सुट्टीत पुण्याला एका नातेवाइकाकडे गेलो होतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं गाडी अडवली, रजिस्टर पुढं केलं. मी सही करून वर बघितलं, तर समोर माझे उस्ताद. बेळगावला नऊ महिने ज्यांनी माझ्याकडून ड्रिल करून घेतली ते. त्यांच्या एका आवाजावर साठ रंगरूट ताठ व्हायचे. मी गाडीतून उतरून पाया पडलो. त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले, कारण खुर्ची एकच होती.

बारा तासांची ड्यूटी, आठवड्याला सुट्टी नाही. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून गावाकडं दुमजली घर बांधलं, मुलीचं लग्न केलं, आणि दोन वर्षांत हात रिकामा. पेन्शनचा निम्मा भाग विकून एकरकमी पैसे घेतलेले, त्यामुळं १५ वर्षं पेन्शनही कमीच. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. ते म्हणाले, "काम वाईट नाही रे. इमानदारीचं आहे. पण हे मी निवडलं नाही, एवढंच."

परत जाताना गाडीत मी बायकोला उस्तादांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अहो, आपण आत्ता थांबलो तर होईल." तिच्या डब्यात तेव्हा भिशीचे अठरा हजार होते. माझ्या खात्यात चार हजार.

एका दिवसात काही बदललं नाही. मी निश्चय करणारा माणूस नाही, सकाळी पीटीलासुद्धा शिट्टी झाली तरच उठतो. म्हणून एकेक सवय लावली, आणि एक अंगवळणी पडल्याशिवाय दुसरी धरली नाही.

पहिली सवय लिहिण्याची. खिशात पॉकेट डायरी असतेच. तिच्या मागच्या पानांवर रोजचा खर्च लिहायला लागलो. पहिल्या महिन्यातच कळलं की सगळ्यात मोठं भोक कॅन्टीनचं आहे. बाजारात हजाराला मिळणारी वस्तू आठशेला घेतली तर दोनशे वाचले, असं मी समजत होतो. वस्तू लागतच नसेल तर आठशे गेले, हे डायरीनं शिकवलं. तेव्हापासून घरून चिठ्ठी लिहून नेतो आणि चिठ्ठीबाहेरचं घेत नाही. सुट्टीवर जाताना मित्रांसाठी बाटल्या न्यायचंही बंद केलं. दोन मित्र रुसले. एक अजून रुसलेला आहे.

दुसरी सवय फंडाची. तांब्या बुडवणं बंद. दरवर्षी इन्क्रिमेंट लागलं की तेवढीच वर्गणी वाढवून घ्यायची. महागाई भत्ता वाढला की वाढीतला निम्मा फंडाला. वाढलेला पैसा हातातच आला नाही की त्याची सवयही लागत नाही. एप्रिल २०२० पासून फंडाचं व्याज ७.१ टक्के आहे, काही फार नाही. पण नियम एवढाच पाळला, मध्ये हात घालायचा नाही.

तिसरी सवय निम्म्या पगाराची. ही मी स्वतः शोधली म्हणून जरा अभिमान आहे. निवृत्तीनंतर पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी येणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग त्या निम्म्यात जगायची रिहर्सल आधीच का करू नये? २६ जानेवारीच्या परेडची तयारी आपण कित्येक आठवडे करतो. आणि आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या बदलाची एक दिवसही करत नाही. २०१६ ला घर पगाराच्या नव्वद टक्क्यांत चालवलं. पुढच्या वर्षी पंच्याऐंशी. असं करत २०२३ पर्यंत पंचावन्नवर आलो. वर्षाला पाच टक्के म्हणजे घरात कुणाला फारसं जाणवत नाही.

यात एक फसगत आहे, ती तरुण पोरांनी लक्षात ठेवावी. नोकरीत असताना क्वार्टर, राशन, प्रवासाचं वॉरंट हे सगळं पगाराच्या बाहेर असतं. त्यामुळं आतला निम्मा पगार आणि बाहेरची निम्मी पेन्शन सारखी नाही. दवाखान्याला ईसीएचएस आहे, पण भाडं कोण देणार? म्हणून मी दरमहा सहा हजार रुपये भाडं म्हणून वेगळ्या खात्यात भरायला लागलो. घरमालक मीच. मुलं पुढं साताऱ्याला नाहीतर पुण्याला शिकतील तेव्हा खोलीचं भाडं त्यातून जाईल.

२०१८ ला ग्लेशिअरचं टेन्युअर आलं. आदल्या वर्षीच जवानांचा सियाचेन भत्ता महिन्याला ३०,००० झाला होता. वर पोस्टवर केरोसीनच्या धुरानं थुंकी काळी येते, टूथपेस्ट गोठते, झोप तुकड्यातुकड्यांनी लागते. एका रात्री मी हिशेब केला, ३०,००० भागिले ३०, म्हणजे बर्फातला एक दिवस हजार रुपयांना. खाली उतरलो तेव्हा भत्त्याचे लाखाच्या वर जमले होते. त्यातून मारुतीचं उरलेलं कर्ज फेडलं आणि महिन्याला तीन हजार इंडेक्स फंडात सुरू केले. मार्च २०२० मध्ये बाजार तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पडला, तेव्हा मी राजौरीच्या बाजूला अशा ठिकाणी होतो की फोनला रेंजच नव्हती. घाबरून विकण्याची सोयच नव्हती. माझ्या गुंतवणुकीतली सगळ्यात मोठी हुशारी ती.

ग्लेशिअरचा हिशेब मात्र डोक्यातून गेला नाही. काहीही विकत घेताना मी बर्फात मोजायला लागलो. चार हजारांचे बूट म्हणजे चार दिवस बर्फ. बायकोच्या भावाच्या लग्नातला आहेर, पाच दिवस बर्फ. घरात मोठ्यानं म्हणायचो, गंमत म्हणून. सगळे हसायचे. निदान मला तसं वाटायचं.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही जोधपूरला होतो. मुलीच्या दप्तराची चेन तुटली म्हणून मी दुरुस्त करत होतो. नवीन दप्तर कशाला, चेन आपण घरीच बसवतो. आतल्या कप्प्यात चार घड्या घातलेली शाळेची नोटीस सापडली. सातवीची सहल, जैसलमेर, दोन दिवस, ३,२०० रुपये. पैसे भरायची तारीख आठ दिवसांपूर्वी गेलेली.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मला जायचंच नव्हतं." आणि अभ्यासाला बसली. धाकटा तिसरीत होता, त्याला गप्प राहणं कुठं जमतंय. तो म्हणाला, "पप्पा, ताई म्हणाली, नको सांगायला. तीन दिवस बर्फ होतो."

मंडळी, मी ग्लेशिअरवर रडलो नाही. त्या दिवशी चेन आणि पक्कड घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसलो.

बायको बाहेर आली. नोटीस तिनं आधीच बघितली होती. म्हणाली, "मी तिला म्हटलं, पप्पांना विचार, ते नाही म्हणणार नाहीत. तर म्हणाली, नाही म्हणणार नाहीत गं, पण मोजतील." मग थोडं थांबून म्हणाली, "मी पण भिशी भरते. पण डबा मुलांसमोर उघडत नाही."

बर्फात उभा राहिलो कशासाठी? मुलांना माझ्यासारखं मागे बघावं लागू नये, यासाठीच ना? आणि त्याच बर्फाचा धाक मी घरात घालून बसलो होतो. ज्या पोरीनं कधी हट्ट केला नाही तिचं मी कौतुक करत होतो. ती हट्ट का करत नाही, हे विचारलंच नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत मी सगळ्यांना जैसलमेरला घेऊन गेलो. किल्ला बघितला, वाळूत उंटावर बसलो, छान झालं. पण मैत्रिणींबरोबर हुकलेली सहल बापाबरोबर भरून निघत नाही. तिनं ते तोंडावर दाखवलं नाही. मला दिसलं.

तेव्हापासून डायरीत एक पान वाढलं आहे, मुलांचं. वर्षाला ठरावीक रक्कम, आणि नियम उलटा. ती रक्कम वर्षात संपलीच पाहिजे, उरली तर फंडात टाकायची नाही. पहिल्या वर्षी मुलीनं त्यातले निम्मेही खर्च केले नाहीत. दुसऱ्या वर्षी तिनं स्वतःहून बॅडमिंटनची रॅकेट मागितली, चांगली, महागाची. मला किंमत ऐकून आत काहीतरी झालं, पण तोंड बंद ठेवलं. बर्फाचा हिशेब मी अजून करतो. फक्त स्वतःच्या खर्चापुरता, आणि मनात.

आज स्थिती अशी आहे. कर्ज शून्य. घर वडिलांचंच, त्यावर दुसरा मजला चढवणार नाही. घरची मंडळी एप्रिलपासून गावी आहेत आणि महिन्याला २६,००० मध्ये घर चालतं, मुलांचं पान धरून. तेवढं पेन्शनमध्ये बसतं. पेन्शन विकायची ती गरजेपुरतीच, निम्मी नाही. फंड आणि इंडेक्स फंड मिळून किती झाले ते सांगत नाही, कारण हे पाहुणेमंडळीही वाचतात. एवढंच सांगतो, पेन्शन नसती तरी सात-आठ वर्षांचा घरखर्च निघेल. ग्रुप इन्शुरन्सचे परत मिळतील ते वेगळे. श्रीमंती नाही ही. पण कुणी बारा तासांची ड्यूटी दिली तर विचार करून सांगतो, असं म्हणायची सोय आहे.

परवा रेंज मिळाली तेव्हा उस्तादांना फोन लावला. आता त्यांनी ते काम सोडलंय, मुलगा नोकरीला लागला. मी सांगितलं, फेब्रुवारीत येतोय, पहिलं वर्ष काही करणार नाही. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाले, "चांगलं आहे. वर्षभर तरी कुणाची शिट्टी ऐकू नको."

जय हिंद.