कणी, माल्ट आणि स्वतःची पाककृती

घरगुती प्रमाणावर बिअर करणारा दुसऱ्याची पाककृती बाजूला ठेवून स्वतःची आखू लागतो, तेव्हा त्याला शेवटापासून मागे मोजत यावे लागते. मद्यांश किती, कडवटपणा किती आणि चव भरीव की हलकी हे आधी ठरते, आणि मगच धान्य, हॉप्स नावाची कडू फुले व यीस्ट यांचा हिशेब मांडता येतो. महाराष्ट्रात परवान्याविना असे मद्य घरी करणे गुन्हा आहे, आणि नागभीड या धान पिकवणाऱ्या तालुक्याजवळच्या गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे ही कला प्रत्यक्ष हाताने शिकायची तर ब्रिटनसारख्या देशातच, जेथे १९६३ पासून घरच्या वापराच्या बिअरला परवाना लागत नाही. मात्र तेथे स्थायिक झालेल्या एखाद्या नागभीडकराने पाककृतीत तांदूळ आणावा, हे अगदी स्वाभाविक आहे.

नागभीडच्या धानपट्ट्यात आंबवण म्हटले की मोहफुलांचा सडवा आठवतो. मोहफुलात साखर तयारच असल्याने पाणी आणि ऊब मिळताच सडवा फसफसू लागतो. तांदळातली साखर मात्र पिष्टाच्या लांब साखळ्यांत अडकलेली असते, आणि त्या साखळ्या तोडणारी विकरे, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिने, माल्टमधून, अर्थात मोड आणून वाळवलेल्या जवातून, घ्यावी लागतात. म्हणून तांदूळ आधी मऊ शिजवून माल्टच्या लगद्यात मिसळतात आणि ते मिश्रण सुमारे ६५ अंश सेल्सिअसवर तासभर राखतात. तापमान ६३ कडे झुकले तर यीस्टला पचणारी साखर वाढून बिअर कोरडी होते, ७० कडे झुकले तर न पचणारी शर्करा उरून ती भरीव लागते. पाककृतीतला सर्वांत नाजूक निर्णय हाच आहे, आणि नवशिक्याचे लक्ष हॉप्सच्या सुगंधाकडे असल्याने तोच बहुधा दुर्लक्षित राहतो.

वीस लिटरसाठी साधारण ३.४ किलो माल्ट आणि ०.८ किलो तांदूळ घेतला, तर आंबवण्यापूर्वी द्रवाची सापेक्ष घनता, म्हणजे पाण्याच्या तुलनेत त्याचा जडपणा, १.०४५ च्या आसपास येते, ती १.०१० पर्यंत उतरली की मद्यांश सुमारे ४.६ टक्के होतो. तांदळाने चव फारशी वाढत नाही, बिअर हलकी होते. म्हणून एचएमटी वाणाचा अख्खा तांदूळ ताटासाठी ठेवून गिरणीतली कणी वापरणेच शहाणपणाचे.

एचएमटी हे वाण नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी पटेल-३ या धानात १९८३ मध्ये वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, त्यांचे बी स्वतंत्र पेरून सिद्ध केले. वेगळेपण ओळखून ते इतरांत मिसळू न देता तपासण्याची ही शिस्त पाककृती आखणाऱ्याने मनापासून आत्मसात करावी, कारण तांदूळ, यीस्ट आणि तापमान एकाच वेळी बदलले तर चवीतला फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही. पुढच्या खेपेला कणीचा वाटा एक पंचमांशावरून तीन दशांशांवर न्यावा, एकूण धान्य तेवढेच ठेवावे आणि बाकी सारे जसेच्या तसे राखावे.