ढवळ्याची वाट

मार्गशीर्षातला रविवार. पोलादपूरहून पहाटेच ढवळे गाठलं. वाटाड्या मामांनी कमरेची आकडी चाचपली. "पाणी भरून घ्या, वाटेत भरवसा नाय."

स्वीडनच्या किनाऱ्यावरची भाची सांगते, तिथल्या रानवाटांवर झाडांना नारिंगी पट्टे असतात. इथे खूण म्हणजे मामांचा कोयता. कारवीत ते दोन पावलं पुढे गेले की दिसेनासे होतात, नुसता पाचोळा वाजतो.

चंद्रगड मागे पडला. 1656 साली शिवरायांनी मोऱ्यांची जावळी घेतली तेव्हाही रान असंच असेल, म्हणायचा मोह होतो. पण मामांच्या वडिलांनी इथे कोळशाच्या भट्ट्या पाहिल्यात. ऐनाच्या शेंड्यावर काटक्यांचा गोळा : शेकरूचं घरटं. "अशी चार-पाच बांधतं, राहातं एकात," मामा म्हणाले. (आमच्या मुंबईकर नातेवाइकांसारखं!)

बहिरीच्या घुमटीशी भाकरी खाल्ली. मग छातीवरचा चढ. ऑर्थर सीटला, म्हणजे जुन्या मढीमहालाला, पोचलो तर पर्यटक बाटल्यांची झाकणं फेकून ती वाऱ्यावर परत येताना बघत होते. मामांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा खाली सावित्रीच्या खोऱ्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.